शेवटचा धा

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना, म्हणून सर्व्हिस मोटारी कोळशावर चालत आणि चढ आला की उतारूच खाली उतरून ढकलत. अशाच एका मोटारीतून उतरून रहिमान आमच्या सांगलीच्या घरासमोर उभा राहिला. श्रावणातली भुरभुर चालू होती. त्याच्या अंगात नुसती बंडी, तोंडाला काजळी, आणि काखेत सदऱ्यात गुंडाळलेलं काहीतरी. मी दारात शेगडी फुंकत बसले होते. मला हसू आवरेना.

"चांदसाहेब तबलजी हितंच ऱ्हात्यात न्हवं?"

"हितंच. पर अब्बा भिजलेले तबले नीट करत्यात. माणसं न्हाई."

तो जरा गोंधळला. मग सदरा हळूच उलगडत म्हणाला, "माणूस वाळंल आपुआप. तबल्याचं बघा तेवढं."

आत तबला होता. त्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, फाटली होती, पण पावसाचा एक थेंब त्यावर पडलेला नव्हता. मी शेगडी फुंकायची विसरले... आणि ती विझली, तेव्हा अम्मीनं आतून हाक मारली.

रहिमान उंब्रजच्या पिंजाऱ्याचा मुलगा. दिवसभर धनुकलीनं कापूस पिंजायचा आणि संध्याकाळी गावच्या भजनाला साथ करायची. अब्बांनी त्याचा हात ऐकला आणि पुडी बसेपर्यंत थांब म्हणाले. पुडी बसली, तरी तो थांबलाच.

अब्बांची शिकवायची रीत कडक. बोल तोंडानं म्हणता आल्याशिवाय तबल्याला बोट लावू द्यायचे नाहीत. बाकीचे शागीर्द कंटाळून जात. रहिमान मात्र ओसरीवर मांडी घालून, हातानं टाळी धरून, एकच तुकडा म्हणत राही. म्हणता म्हणता डोळे मिटून घेई. मग मला पडद्याआडून हवं तितकं बघता येई... त्याच्या भुवयांत कापसाचा एखादा तंतू अडकलेला असे. आणि हात! अब्बा तबला त्याच्यापुढे सरकवत तेव्हा त्याची बोटं पुडीवर अशी पडत, जणू झोपलेल्या लेकराला थोपटतायत. मोठं वाजवणारे मी पुष्कळ पाहिले होते. इतक्या मायेनं वाजवणारा हा पहिलाच.

आमच्यात बायका तबल्याला हात लावत नसत. पण तोंडाला कोण अडवणार? मला सगळे बोल येत. त्यातच एक गत, बोलांची बांधलेली रचना, अशी होती, जी अब्बा कुणालाच शिकवत नसत. अम्मीच्या वडलांनी ती अम्मीच्या लग्नात जहेज म्हणून दिली होती. तबलजीच्या घरात गत म्हणजे दागिनाच. आता ती माझ्याबरोबर जायची होती, जावयाच्या हातात, आणि मिरजेच्या एका तबलजीच्या मुलाशी माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. मुलाचा हात तयार आहे म्हणे. मी त्याला पाहिलंही नव्हतं, आणि मला कुणी विचारलंही नव्हतं.

एकदा ज्वारी पाखडताना तीच गत माझ्या तोंडात आली. ओसरीवरची टाळी थांबली.

"कुठला तुकडा म्हणायचा ह्यो?"

"ज्वारी पाखडायचा."

"लय गोड हाय. पुन्हा म्हणा की."

"पुन्हा ज्वारी पाखडीन तवा."

त्या आठवड्यात आमच्या घरात ज्वारी जरा जास्तच पाखडली गेली. रोज थोडी थोडी गत पडद्यापलीकडे गेली. अम्मी एकदा म्हणाली, "झुबेदा, दाण्याचं पीठ करशील आता." मी आणखी एक सूप भरलं.

गतीच्या शेवटी तिहाई होती. 'तिटकत गदिगन धा', एकच बोल तीनदा, आणि तिसरा धा बरोबर समेवर. ताल फिरून फिरून जिथं घरी येतो ती सम. मी तिसऱ्यांदा 'गदिगन'पाशी थांबले.

"आन् धा?" रहिमाननं विचारलं.

"तो न्हाई मिळायचा."

"का म्हून?"

मग मी खरं ते सांगितलं. गत जहेजाची आहे, आणि जावयाशिवाय कुणाच्या हातात जात नाही. मला वाटलं, हा आता तबला उचलून उंब्रजला जातो की काय?

"मग मला कशापायी दिली?" तो अगदी हळू म्हणाला.

"पुरी कुठं दिलीय... धा ठेवलाय की मागं."

जाताना तो पडद्याकडे बघून हसला, आणि मला रात्रभर तेच दिसत राहिलं.

शुक्रवारी सकाळी अब्बांनी नवी टोपी घातली. मिरजेला जाऊन ते शब्द देणार होते. टांगा दारात उभा होता. मी चुलीपुढे भाकऱ्या थापत होते आणि पीठ डोळ्यांतल्या पाण्यानंच भिजेल असं वाटत होतं. तेवढ्यात ओसरीवरून रहिमानचा आवाज आला.

"उस्ताद, जायाच्या आधी एवढं ऐका."

आणि त्यानं गत वाजवली. माझी गत! एकेक बोल मोत्यासारखा सुटा. तिहाई आली, पहिला धा, दुसरा धा... 'तिटकत गदिगन', आणि हात वर थांबला. सम रिकामी गेली.

अम्मी भिंतीला टेकली.

"कुठनं चोरलीस?" अब्बा टांग्याकडून मागं फिरले.

"चोरली न्हाई, उस्ताद. मागाय बसलोय." रहिमान मान खाली घालून बोलत होता, पण शब्द स्वच्छ होते. "चोरली असती तर पुरी वाजवली असती. शेवटचा धा माझा न्हाई. झुबेदाचा हाय. तिनं दिला आन् तुमी दिला तरच घीन. न्हाईतर आजच उंब्रजला जातो, आन् ही गत परत कवा वाजवणार न्हाई."

अब्बा हळूच खाली बसले आणि टाळी धरली.

"पुन्हा वाजीव."

रहिमाननं वाजवली. या खेपेला मी आत बसून ताल मोजत होते. काटवटीत भाकरी होती, हात वर होता. पहिला धा. दुसरा धा. तिटकत गदिगन... त्याचा हात थांबला आणि माझा पडला. भाकरीवर, फाडदिशी, बरोबर समेवर.

अब्बांची टाळीही तिथंच पडली. मग अब्बांनी नवी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"घोडा सोड रं," ते टांगेवाल्याला म्हणाले. "गत तर घरातनं गेलीच. आता नुसती लेक ठिवून काय करू?"

अम्मी तोंडाला पदर लावून हसत होती का रडत होती, मला कळलं नाही. माझे तर कान तापले होते.

दुपारी जेवायला रहिमान अब्बांच्या पंगतीला बसला. माझी पाच बोटं उमटलेली ती फाटकी भाकरी अम्मी बाजूला सारत होती.

"ती तिकडं कशाला ठिवता?" रहिमान ताटाकडे बघत म्हणाला. "तीच वाढा मला."