दुर्गाघाटावरची पहाटपूजा

बिंदुमाधव गुरुजींचा गळा ज्या काळ्या-तांबड्या कापडानं आवळला होता, ते कापड क्वाबेनानं त्यांना भेट दिलेलं होतं. पोलिसांना एवढं पुरलं. गुरुजींचा देह इस्पितळात गेला आणि क्वाबेनाला काशीतल्या दुर्गाघाटाच्या बोळातून चालवत चौकीवर नेलं. बायका खिडक्यांतून पाहत होत्या.

तासाभरानं गुरुजींची मुलगी आनंदी मालविकाच्या कचेरीत आली. कचेरी म्हणजे ब्रह्माघाटाजवळच्या घराची पुढची खोली. मालविका खासगी गुप्तहेर होती. बहुतेक कामं लग्नाआधीच्या चौकशीची. तिच्या जोडीला श्रीनिवासकाका, रेल्वेतून निवृत्त झालेले तिकीट तपासनीस. बिनतिकीट माणूस आपण चेहऱ्यावरून ओळखत असू, असं ते सांगत. म्हणूनच इतके लोक फुकट फिरले, असं मालविका म्हणे.

आनंदी रडली नव्हती. शहराच्या लंका भागात, ती शिकवत होती त्या शाळेजवळ खोली घेऊन ती एकटी राहत असे, आणि रोज सकाळी बापाला भेटून मग शाळा गाठत असे. आज माडीचं दार तिनंच उघडलं होतं.

"ताई, उद्या त्याला कोर्टात उभं करतील," ती म्हणाली. "परका देश, परका रंग. एकदा आत गेला की त्याला कोण विचारणार? बाबांनी पोरासारखं ठेवलं होतं त्याला."

क्वाबेना घानातला. तिथल्या एका विद्यापीठात धर्म आणि संस्कृती शिकत होता. मेलेल्यांशी जिवंत माणसं कशी वागतात, हा त्याचा विषय. त्यांच्याकडे पूर्वजांसाठी जमिनीवर पाणी ओततात, आपल्याकडे तर्पण करतात. दोन्ही शेजारी ठेवून पाहावं म्हणून तो काशीला आला आणि गुरुजींच्या घरी तळमजल्यावर राहिला.

चौकीत तो बाकावर ताठ बसला होता. गुरुजींनी शिकवलेलं मराठी तो सावकाश, एकेक शब्द ठेवल्यासारखं बोलत होता.

"काल जेवताना काय बोलणं झालं?" मालविकानं विचारलं.

"सुतक. मी विचारलं, मुलगा दूर आहे, बाप मेला, मुलाला उशिरा कळलं. मधले दिवस त्यानं देवपूजा केली. पाप लागलं का? गुरुजी हसले. म्हणाले, नाही रे. सुतक कळल्यापासून. कळलं की अंघोळ, आणि मग देवाला हात नाही." तो थांबला. "माझ्या आजीकडेही तसंच. घरच्या मोठ्यांना सांगेपर्यंत माणूस मेला, असं कुणी म्हणत नाही."

"आणखी कोण होतं तिथे?"

"गुरुजींचे पुतणे, यज्ञेशदादा, वाढत होते. गुरुजी म्हणाले, माझं क्रियाकर्म आनंदी करील. गणपतीची सेवाही तिलाच देतो. दादांनी ते ऐकलं. मला अजून भात वाढला."

"दादांनी पोलिसांना सांगितलंय, रात्री तू माडीच्या जिन्यावर होतास."

"मी झोपलो होतो," क्वाबेना म्हणाला. "पण ते माझं कोण खरं मानणार?"

बाहेर आल्यावर श्रीनिवासकाका म्हणाले, "चेहरा सरळ आहे पोराचा."

"तिकीट विचारलंत का काका?"

"चेष्टा पुरे. पुढं कुठं?"

पुढं गुरुजींचं घर. दगडी अंगण, अंगणात गणपतीचं लहानसं देऊळ, दोरीवर ओलं धोतर. गुरुजींचा पुतण्या यज्ञेश पायरीवर बसला होता. पन्नाशीचा, सडपातळ. देवळाची सेवा कित्येक वर्षं त्याच्याचकडे होती.

"सकाळचं काय सांगणार?" तो म्हणाला. "पहाटे उठलो, गंगेत डुबकी मारली, चहा घेतला. काकांचं सकाळी मौन असतं. आनंदी येईपर्यंत माडीवर कुणी जात नाही. ती किंचाळली, तेव्हा मला कळलं."

"भाऊबंदांत इतक्यात दुसरं काही? कुणाचं मरण, कुणाकडे बाळंतपण?"

"काही नाही. हे एवढंच." त्यानं डोळे पुसले. "आता अग्नी मीच देणार. मुलीच्या हातून कसा द्यायचा?"

शेजारचा भिक्षुक वेणीमाधव काही गुरुजींच्या कुळातला नव्हता. चार लोकांत गुरुजींनी त्याला चुकीच्या स्वरांबद्दल पाठावरून उठवलं होतं, तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"मनातून शंभर शिव्या दिल्या असतील मी," वेणीमाधव म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पण गळा आवळायची छाती आहे का माझी?"

"आज सकाळी त्यांच्या अंगणात होतास?"

"होतो ना. अंधार होता अजून, दादांनी हाक मारली. म्हणाले, कणकण आहे, अंघोळ करवत नाही, आज गणपतीची पूजा तू कर. किल्ली लांबूनच टाकली. मी तर चकितच झालो. महासाथीत अंगात ताप असताना त्या माणसानं ओलेत्यानं पूजा केली होती. मी अभिषेक केला, नैवेद्य दाखवला, आणि दार लावतोय तोवर आनंदीताईंची किंकाळी."

घाटाच्या पायऱ्यांवर येताच काकांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "राग होता. किल्ली होती. पहाटे घरात होता. मालविका, हाच तो!"

"काका, तुम्ही चौकीवरच्या दरोग्यांना निरोप द्या," ती म्हणाली. "म्हणावं, क्वाबेनाला घेऊन दुपारी अंगणात या."

दुपारी सगळे जमले. देह इस्पितळातून निघाला होता. कोपऱ्यात आनंदी, दाराशी वेणीमाधव, दोन शिपायांमध्ये क्वाबेना. दरोगा घड्याळ पाहत होते.

"मॅडम, जल्दी कीजिए. केस तो क्लियर है."

"यज्ञेशदादा," मालविका म्हणाली, "आज गणपतीची पूजा तुम्ही का नाही केलीत?"

"ताप होता."

"ताप होता म्हणून अंघोळ करवली नाही. वेणीमाधवला हेच सांगितलंत. मला म्हणालात, गंगेत डुबकी मारली. सकाळी दोरीवर तुमचं धोतर ओलं होतं, म्हणजे मला सांगितलंत ते खरं. मग अंघोळ केलेला माणूस देवापासून लांब का राहिला? महासाथीच्या तापातही जो राहिला नाही, तो?"

यज्ञेशची नजर दोरीकडे गेली.

"किल्ली हातात न देता लांबून टाकलीत. घरात मरण झाल्यावर माणूस जसा वागतो, तसे तुम्ही वागत होता. भाऊबंदांत दुसरं मरण नाही, हे तुम्हीच सांगितलंत. मग तुम्ही सुतक कुणाचं धरलं होतं? गुरुजी गेलेत हे तेव्हा या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सुतक कळल्यापासून लागतं. ज्याला लागलं, त्याला कळलेलं होतं."

श्रीनिवासकाकांनी कपाळावर हात मारला. हा हिशेब त्यांच्याही समोर मांडलेला होता, आणि ते शिव्या मोजत बसले होते.

"मी पहाटे डोकावलो," यज्ञेश पुटपुटला. "घाबरलो."

"घाबरलेला माणूस ओरडतो. तुम्ही अंघोळ केलीत, पूजेची सोय लावलीत, चहा घेतलात आणि आनंदीला वर जाऊ दिलंत. आणि क्वाबेनाला जिन्यावर पाहिलं, असं पोलिसांना सांगितलंत. आता देवळाकडे तोंड करा आणि म्हणा, मी काकांना मारलं नाही."

यज्ञेश वळला. गाभाऱ्यातली समई दिसत होती. जोडायला उचललेले हात त्यानं खाली घेतले.

"लहानपणापासून त्याची सेवा केली," अखेर तो म्हणाला. "लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही. आणि काकांनी जेवता जेवता, त्या परक्या पोरासमोर सांगून टाकलं, आता आनंदी करील. रात्री वर गेलो, पाय धरले. म्हणाले, झोप जा. ते कापड खुंटीवर होतं." मग एकाएकी मान ताठ झाली. "पण मी देवाला शिवलो नाही. तेवढं लिहून घ्या."

"आणि बाबांना शिवलास," आनंदी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही.

शिपाई क्वाबेनाजवळून उठून यज्ञेशच्या दोन बाजूंना गेले. दाराशी तो थबकला आणि वेणीमाधवला विचारलं, "संध्याकाळच्या नैवेद्याचं बघशील ना?" वेणीमाधवनं मान फिरवली.

तिरडी बांधून झाली तेव्हा उन्हं उतरली होती. कुळातले पुरुष निरोप मिळूनही आले नव्हते. मुलगी अग्नी देणार म्हणून, का खुनाच्या घरी नको म्हणून, कुणी सांगितलं नाही. पुढं श्रीनिवासकाका आणि वेणीमाधव, मागं बोळातला दूधवाला. चौथी बाजू रिकामी.

आनंदीनं क्वाबेनाकडे पाहिलं. "येशील?"

त्यानं चपला काढल्या. जवळ आला आणि अडखळला. "कुठला खांदा? डावा की उजवा?"

ज्याला विचारायचं, तो तिरडीवर होता.

"कुठलाही दे," आनंदी म्हणाली, आणि अग्नीचं मडकं उचलून बोळात पुढं झाली.