लुबेनचं नाणं

मृत्यू सगळ्या भागीदाऱ्या मोडतो.

हे वाक्य ज्या कुणा थोर माणसाने म्हटलं असेल, त्याने मेहुण्याबरोबर गॅरेजमध्ये मोटार बांधलेली नसणार.

ही गोष्ट खरी आहे. रूसे शहरात, डॅन्यूब नदीच्या अंगाला, माझ्या घराला खेटून जे घर आहे तिथे घडली. मला ती झाफिरने सांगितली. झाफिर शहर बसचा निवृत्त मेकॅनिक. त्याला खोटं रचता येत नाही. स्वतः बांधलेल्या मोटारीला काय नाव द्यावं याचा त्याने कित्येक वर्षं विचार केला आणि शेवटी नाव ठेवलं 'मोटार'.

भयकथा रात्री घडतात हे मलाही ठाऊक आहे. ही दुपारी घडली, त्याला माझा इलाज नाही. रात्री दिवा लावला की नदीवरचे डास येतात, ओल्या रेझिनमध्ये रुततात आणि गाडीच्या टपात कायमचे राहायला येतात. म्हणून फायबरचं काम दिवसाउजेडीच करायचं असतं.

भुतालाही हे माहीत होतं.

कारण ते भूत लुबेनचं होतं.

लुबेन म्हणजे झाफिरच्या बायकोचा, दिमकाचा, सख्खा भाऊ. दोघा मेहुण्यांनी एका जुन्या मॉस्कविच मोटारीचा सांगाडा आणला आणि त्यावर आपल्या मनासारखी बॉडी चढवायला घेतली. आधी प्लॅस्टरचा साचा. साच्यावर मेण. मेणावर काचेच्या धाग्याचं कापड, आणि कापडाला रेझिन. कापड अंथरायचं लुबेनने, रेझिन पाजायचं झाफिरने. एकट्याचं काम नाही ते. रेझिन कुणासाठी थांबत नाही, बघता बघता कडक होतं.

थर कडक झाला की लुबेन खिशातून एक जुनं, जाड नाणं काढायचा आणि इंचाइंचावर वाजवत जायचा.

टक. टक. टक.

भरीव असेल तर टक. आत हवा राहिली असेल तर... ठप.

मग तिथेच घाईघाईने आणखी दोनदा. ठप-ठप.

"झाफिर, हवा!"

झाफिरचा घास हातात असला तरी. तोंडात असला तरी.

फेब्रुवारीत लुबेन गेला. झोपेतच. दिमकाने ते नाणं स्वतःच्या हाताने त्याच्या कोटाच्या खिशात ठेवलं. कबरीशी त्याची मुलगी राडोस्तिना झाफिरला बिलगून एवढंच म्हणाली, "आतोबा, लग्नाच्या दिवशी चर्चला मी बाबांच्याच मोटारीतून जाणार."

झाफिरने शब्द दिला.

सहा महिने उलटले. दिमकाने रीतीप्रमाणे सहा महिन्यांचं नवं शोकपत्रक छापून आणलं आणि घराच्या फाटकावर एक, गॅरेजच्या दारावर एक, असं चिकटवलं. त्यातल्या फोटोत लुबेन नेहमीसारखाच होता. समोरच्याचं काम पसंत नसल्यासारखा.

राडोस्तिनाचं लग्न ऑगस्टातल्या चर्चच्या सणानंतरच्या शनिवारी होतं. मोटारीचं सगळं झालं होतं, लाल रंगसुद्धा. राहिलं होतं फक्त टप.

बुधवारी सकाळी झाफिरने टप एकट्याने केलं. कापडही त्यानेच अंथरलं, रेझिनही त्यानेच पाजलं. दोन हातांत चार हातांचं काम. मग मांजर आत शिरू नये म्हणून गॅरेजला कुलूप लावलं, दारावरच्या फोटोसमोर जमिनीवर त्याच्या नावाने घोटभर राकिया, म्हणजे फळांची दारू, सांडली, उरलेली स्वतः घेतली आणि द्राक्षांच्या मांडवाखाली आडवा झाला.

डोळा लागतोय तोच...

टक.

झाफिरने डोळे उघडले.

टक. टक.

आवाज गॅरेजमधून येत होता. बंद गॅरेजमधून.

टक. टक...

ठप.

मांडवावरच्या गांधीलमाश्याही गप्प.

मग घाईघाईने... ठप-ठप.

झाफिर उठून बसला. दिमका अंगणात मिरच्या भाजत होती.

"ऐकलंस?"

"उंदीर असेल."

"उंदीर नाणं वाजवतो?"

"तुझ्या गॅरेजमधला वाजवत असेल. तुझ्यासारखाच, दुसरं काम नाही त्याला."

झाफिरने कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं. खिडकी आतून बंद. जमिनीवरच्या धुळीत फक्त त्याच्याच चपलांचे ठसे. रेझिनचा वास, आणि त्या वासात... लुबेनच्या स्वस्त सिगारेटचा वास.

लुबेन गेल्यापासून तिथे कुणी सिगारेट ओढली नव्हती.

झाफिरने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टप वाजवत नेलं. मागच्या कोपऱ्यात ठप झालं. कापून पाहिलं तर हाताच्या पंजाएवढी हवा.

त्याने मुकाट्याने ती जागा पुन्हा भरली. आता भुताचं समाधान झालं असेल, असं त्याला वाटलं. जिवंतपणीचा लुबेन त्याला ठाऊक होता, तरी वाटलं.

गुरुवारी दुपारी...

टक. टक. ठप. ठप-ठप.

झाफिर धावत गेला. टप इंचाइंचाने वाजवलं. सगळं भरीव. एकदा, दोनदा, तीनदा. कुठेही हवा नाही. तो बाहेर आला, दार लावलं, आणि पाठमोरा झाला नाही तोच आतून पुन्हा... ठप-ठप.

झाफिरचं डोकं फिरलं. तो दारावरच्या फोटोवर ओरडला.

"काय हवंय तुला? टप ठीक आहे! बाकीचं सगळं तुझ्या नजरेखाली झालंय! तुझ्याच कामात खोट काढायला आलास का आता?"

आतला आवाज... थांबला.

एकदम थांबला. कुणीतरी वर्मावर बोट ठेवल्यासारखा.

संध्याकाळी त्याने दिमकाला सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती.

"माझ्या भावाने जिवंतपणी तुला एकदा तरी सुखाने झोपू दिलं होतं का?"

"नाही."

"मग मेल्यावर का देईल?"

पण झाफिरने पाहिलं. कोरडी झालेली थाळी ती पुन्हा पुन्हा पुसत होती.

शुक्रवारी दुपारी राडोस्तिना मोटार बघायला आली. दुसऱ्या दिवशी लग्न. केस आदल्या दिवशीच बांधून ठेवलेले, त्यामुळे मान वळवायची सोय नाही.

"आतोबा, केवढी सुंदर झालीय! आत बसू?"

"बस की. पण केसांनी टप फोडू नकोस."

ती हसत आत बसली. स्टिअरिंगवर हात ठेवले. मग बाहेर येऊन तिने लाल, चकचकीत बॉनेटवरून तळवा फिरवला. फिरवता फिरवता तळवा थांबला.

तिचं हसू गेलं.

"आतोबा..."

"काय गं?"

"खालून कुणीतरी वाजवतंय."

झाफिरने कान दिला. त्याला काहीच ऐकू येईना. मग त्याने आपला हात तिच्या हाताशेजारी ठेवला, आणि तळव्याला थंडगार, हलकेच...

ठप.

ठप-ठप.

"बाबा असंच वाजवायचे," राडोस्तिना म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीचा झाला होता.

हात होते ते बॉनेटच्या पुढच्या टोकावर. बॉनेट ज्या हुकाने अडकतं, त्या हुकाच्या बरोबर वर. लुबेन गेल्यावर ही जागा कुणी वाजवून पाहिली नव्हती. कारण तिथे कापड लुबेनने अंथरलं होतं, आणि लुबेनच्या कामाला टिचकी मारायची कुणाची हिंमत होती?

लग्न दुसऱ्या दिवशी. रंग वाळलेला, पॉलिश झालेलं. झाफिर बॉनेटकडे बघत राहिला.

"पोरी, मागे सर."

"काय करताय?"

"बापाचं ऐकतोय तुझ्या."

त्याने ग्राइंडर चालू केला. त्या आवाजाने दिमका धावत आली. "अरे मेल्या, उद्या लग्न आहे!" असं ती ओरडत होती, पण लाल धूळ उडत राहिली. मग वरचा थर निघाला.

खाली कापड होतं. पांढरं शुभ्र.

रेझिन प्यायलेलं कापड काचेसारखं आरपार दिसतं. हे कोरडं होतं. एकावर एक थर, कोरडे ठणठणीत. वरून तेवढी पुट्टी आणि रंगाची साय. त्यात रोवलेला हुक झाफिरने दोन बोटांनी उपटून हातात घेतला. गाडीने वेग घेतला असता तर बॉनेट उघडून काचेवर आलं असतं, आणि काचेमागे राडोस्तिना.

झाफिरला तो दिवस आठवला. राडोस्तिनाचा फोन आला होता, लग्न ठरलं म्हणून. लुबेनने कापड नुकतंच अंथरलं होतं. मग राकियाची बाटली निघाली. रेझिन झाफिरने पाजलं असेल असं लुबेनला वाटलं. लुबेनने पाजलं असेल असं झाफिरला वाटलं. दुसऱ्या दिवशी दोघांचीही डोकी दुखत होती, लुबेनने नाणं वाजवलंच नाही, आणि झाफिरने वरून पुट्टी फासून टाकली.

चूक दोघांची. पण त्यातला एक फेब्रुवारीत गेला होता.

"आतोबा," राडोस्तिना पुटपुटली, "ते काय आहे?"

कोरड्या थरांच्या मध्ये, घडीत जपून ठेवल्यासारखं...

एक नाणं होतं.

जुनं. जाड.

दिमका जवळ आली. तिने नाण्याला हात लावला नाही.

"हे मी त्याच्या कोटात ठेवलं होतं," ती म्हणाली. "शवपेटीचं झाकण लावायच्या आधी. माझ्या हाताने."

"तेव्हा ही पुट्टी लावून झाली होती," झाफिर म्हणाला. "रंगही झाला होता."

मग झाफिरने रेझिनमध्ये घालायचा हार्डनर मोजला. कापड दिमकाने अंथरलं. आयुष्यात पहिल्यांदा.

शनिवारी राडोस्तिना बाबांच्या मोटारीतून चर्चला गेली. बॉनेटच्या पुढच्या टोकाला राखाडी ठिगळ होतं. त्यावर दिमकाने फुलांचा गुच्छ आणि भरतकामाचा टॉवेल बांधला. मी त्या लग्नात जेवलो आहे. बॉनेट हललंसुद्धा नाही.

रविवारी दिमका एकटी कबरीवर गेली आणि नाणं मातीत खोल दाबून आली. ते बॉनेटमध्ये कसं आलं, याचा विषय त्या घरात निघत नाही. मी एकदा काढला होता. मला पुन्हा जेवायला बोलावलं नाही.

गॅरेज तेव्हापासून शांत आहे.

ही गोष्ट इथे संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं.

परवा दुपारी झाफिर आणि दिमका मांडवाखाली बसले होते. ताटात पांढरं चीज, आणि दिमका कलिंगड कापत होती. वारा नव्हता. गॅरेजला कुलूप होतं.

झाफिरला छातीवर काहीतरी गार लागलं. गोल. नाण्याएवढं.

त्याने खाली पाहिलं. शर्टावर काहीच नव्हतं.

टक.

दिमकाची सुरी कलिंगडात थांबली. तिलाही ऐकू आलं होतं.

टक. टक...

आवाज गॅरेजमधून येत नव्हता. शर्टाच्या तिसऱ्या बटणाखालून येत होता.

ठप.

दिमकाने सुरी सोडून दिली.

ठप-ठप.

लुबेन दुरुस्ती सांगतोय की बोलावणं धाडतोय, हे झाफिरला कळेना. मला सांगताना त्याचा हात सारखा त्या बटणाकडे जात होता. ऐकून घरी आल्यापासून मलाही दुपारी डोळा लागत नाही.

पण त्या वेळी झाफिरने फक्त मान वर केली आणि द्राक्षांच्या घोसांकडे बघत तो हळूच म्हणाला,

"बरं बाबा, उद्या दाखवतो डॉक्टरला. आता एवढं कलिंगड तरी खाऊ दे."