इद्रीसचं रक्त गेलं कुठे?

"माझ्या मुलाला सवतीनं विष घातलंय हो! तो जायच्या आत तिला पकडा!"

एवढं बोलून बतूल सित्तनाबाईंच्या दारातच मटकन बसली. भर दुपारची वेळ, सुदानमधल्या ओमदुरमान शहराची गल्ली उन्हानं भाजून निघालेली, आणि ही बाई थंडी भरल्यासारखी कापत होती. बाईंचा मदतनीस अवाद पाणी घेऊन आला. पोलिसात हवालदारकी करून निवृत्त झालेला गडी, पण लहान मुलाचं प्रकरण निघालं की हळवा व्हायचा.

सित्तनाबाईंनी आधी चपला शोधल्या. पूर्वी त्या इस्पितळात रक्त तपासणाऱ्या डॉक्टर होत्या. आता लोकांच्या घरातली कोडी सोडवायच्या.

"चल, वाटेत सांग," त्या म्हणाल्या.

घरी खाटेवर पाच वर्षांचा इद्रीस पडला होता. परवापर्यंत हा पोरगा अंगण डोक्यावर घेत होता म्हणे! आता ओठ पांढरेफटक, डोळे हळदीसारखे पिवळे, आणि श्वास असा भराभर चाललेला की अवादला बघवेना. शुक्रवारी त्याची सुंता व्हायची होती, म्हणून तळहात-तळपाय मेंदीनं माखलेले. आजी, म्हणजे बतूलची आई, हज करून आलेली हाजा नफीसा, उशाशी बसून दुआ पुटपुटत होती.

"मेंदी धुवा. नखं दिसली पाहिजेत मला," सित्तनाबाई म्हणाल्या.

"सुंतेच्या मुलाची मेंदी धुतात का कुणी?" हाजा उसळली. "दृष्ट लागलीय पोराला. म्हणून तर सकाळी मेंदीचा दुसरा हात दिला मी!"

"धुवा म्हटलं ना!"

हाजा पुटपुटत बाजूला सरकली. पाणी आलं.

"ताप आहे?"

"नाही," बतूल म्हणाली. "दवाखान्यात मलेरियाही निघाला नाही. लोहाच्या गोळ्या दिल्यात."

"हातपाय दुखतात म्हणून रडतो?"

"नाही. पण लघवी... काळ्या चहासारखी होतेय, बाई."

"अवाद, गाडी काढ. आधी पोराला रक्त, मग तुझा चोर."

इस्पितळात रक्ताची पिशवी टांगली गेली. सित्तनाबाई इद्रीसचं थेंबभर रक्त घेऊन तपासणीच्या खोलीत गेल्या. त्या परतल्या तेव्हा बाहेर गोंधळ माजला होता. बतूलच्या दिरानं तिची सवत शम्मा हिला मनगट धरून फरफटत आणलं होतं.

"खजूर भरवलेस ना त्याला? बोल!" तो ओरडत होता. "पोराचं काही बरंवाईट झालं तर जिवंत ठेवणार नाही तुला!"

शम्माचा चेहरा राखेसारखा झाला होता. "माझ्या सिद्दीकलाही तेच खजूर दिले! दोघं एका ताटात जेवतात, एका वाटीतली मेंदी दोघांना लागली. माझा ठणठणीत राहिला हा माझा गुन्हा का?"

"तेच विचारतेय मी! तुझाच कसा ठणठणीत?" बतूल किंचाळली. "दोन वर्षांपूर्वी माझा हसनही सुंतेनंतर असाच गेला. हकीम म्हणाला, रक्त वाहून गेलं."

"फडकी भिजली होती?" सित्तनाबाईंनी विचारलं.

बतूल गोंधळली. "नाही... बोटाएवढा डाग होता फक्त."

"मग रक्त गेलं कुठे? बरं, इद्रीसला काय खायला देत नाहीस?"

"बाकल्याच्या दाण्यांची उसळ. सगळं गाव सकाळी तीच खातं, पण यानं एकदाच खाल्ली आणि पिवळा पडला. हसनलाही सोसायची नाही."

"माझ्या सालेहलाही," हाजा नफीसा भिंतीशी बसून म्हणाली. "बतूलचा भाऊ. तोही सुंतेच्या आठवड्यातच गेला."

अवाद बाईंच्या कानाशी लागला. "उघड आहे, बाई! एका ताटातली दोन पोरं, एकच पडतो. म्हणजे विष निवडून दिलं."

"विष दोघांना मिळालं, शहाण्या. एकाच्याच रक्ताला ते बाधलं." सित्तनाबाई दिराकडे वळल्या. "तिचा हात सोड आधी."

त्यानं सोडला.

"रक्तक्षय काही एका तऱ्हेचा नसतो. लोह कमी पडलं तर माणूस हळूहळू फिका होतो. हा दोन दिवसांत पडला, म्हणून त्या गोळ्यांचा उपयोग शून्य. मलेरिया तपासणीत नाही. पेशी विळ्यासारख्या वाकतात त्या रोगात हाडं ठणकतात, ती याची ठणकत नाहीत. इथं जखमही नाही, इद्रीसला वस्तरा लागलेलाच नाही! तरी रक्त गेलं. डोळे पिवळे, लघवी काळी. म्हणजे रक्त आतल्या आत फुटतंय. काचेवर पाहिलं मी. कडेनं चावा घेतलेल्या भाकरीसारख्या पेशी आहेत."

"कशानं?" अवादनं घाबरत विचारलं.

"काही घराण्यांच्या रक्तात पेशींना सांभाळणारं एक द्रव्य कमी असतं. ही उणीव आईकडून येते. मुलींना सहसा कळतही नाही, मुलगे कोसळतात. बाकला खाल्ला तरी कोसळतात. सालेह, हसन, इद्रीस, तिघे एकाच आईच्या वंशातले. सिद्दीकची आई वेगळी, म्हणून तो वाचला. आता सुंतेच्या आठवड्यात मुलाच्या अंगाला असं काय लागतं जे एरवी लागत नाही?"

अवादचं लक्ष हाजा नफीसाकडे गेलं. म्हातारी स्वतःचे लालभडक तळवे बघत होती.

"मेंदी," ती म्हणाली.

"हो, हाजा. असल्या मुलांच्या कातडीतून ती रक्तात उतरते."

"तिघांनाही मीच लावली. आज सकाळी परत लावली. तो वाचावा म्हणून लावली गं!"

शम्मा तिथंच भिंतीला टेकून रडायला लागली. दीर मान खाली घालून उभा राहिला.

"इद्रीस जगेल," सित्तनाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता. "रक्त वेळेवर मिळालंय. मेंदी, बाकला आणि काही औषधं याला जन्मभर वर्ज्य. ती मी लिहून देते."

संध्याकाळी इद्रीसच्या ओठांवर जरा रंग आला. त्यानं डोळे उघडले आणि हाक मारली, "आजी!"

हाजा दारातच थबकली. तिनं दोन्ही हात पदराआड लपवले. "मी नको. मी नाही शिवायची त्याला."

बतूल उठली. अवादला वाटलं, आता ही आईला काय बोलते कुणास ठाऊक. एक भाऊ, एक मुलगा! तिनं आईचे हात पदरातून ओढून काढले आणि सित्तनाबाईंकडे पाहिलं.

"वाळलेल्या रंगानं काही होत नाही," त्या म्हणाल्या.

"ऐकलंस ना?" बतूल आईला म्हणाली. "मग धर त्याचा हात. तुला बोलावतोय तो."