मागचा दिवा

यवतेश्वरच्या घाटात, ऐन धुक्यात, एक मुलगी रस्त्यावर सांडलेला गहू ओंजळीनं गोळा करत बसली होती. शेजारी दोन सीटची लांबलचक सायकल आडवी पडलेली, आणि त्यापलीकडं फाटकं पोतं.

तासगावचा जयराज बेदाण्याची खोकी घेऊन कासच्या हॉटेलांकडं निघाला होता. त्यानं जीप थांबवली आणि किंचित लंगडत जवळ आला.

"सायकलवरनं दळणाला निघालाय व्हय?"

"ट्रायल घेतेय," ती वर न बघता म्हणाली. "मागच्या सीटवर माणसाएवढं वजन हवं होतं."

"आवं, पण पोतं पायडल मारत न्हाई."

राजेश्वरीनं वर पाहिलं. त्याच्या भुवयांवर धुक्याचे थेंब बसले होते. खरं तर राग यायला हवा होता तिला... आलं ते हसू. दोघांनी मिळून गहू भरला, आणि भरता भरता तिनं सगळं सांगून टाकलं.

तिचे बाबा, गंगाधर मास्तर, दर भाद्रपदात सायकलवर कासला जायचे. फुलं बघायला. गेल्या वर्षी अर्धांगवायूनं डावी बाजू लुळी पडली, तेव्हापासून खिडकी सुटली नव्हती त्यांची. गाडीतून नेते म्हटलं तर म्हणायचे, "पार्सल होऊन नाही जायचं मला." म्हणून कॉलेजात यंत्रं शिकवणाऱ्या या पोरीनं जोडसायकल आणली. पण साध्या जोडसायकलीत दोघांची पायडलं एकाच चेनला बांधलेली. एकाचा पाय फिरला की दुसऱ्याचा फिरलाच पाहिजे. ते बाबांना कसं झेपावं? तिनं मागची पायडलं सुटी केली आणि एक छोटी मोटर बसवली. मागच्यानं हवं तेव्हा थांबावं, त्याचा जोर कमी पडेल तेवढा मोटरनं भरून काढावा. हँडलवर दोन हिरवे दिवे बसवले, एक पुढच्याचा, एक मागच्याचा. जो पायडल मारेल त्याचा दिवा लागायचा. आणि दोघंही थांबले की मोटर बंद.

"मी बसू का मागं?" जयराज म्हणाला. "गुडघा पलटणीत मोडून आलोय. तुमच्या बाबांच्या पायासारखाच हाय म्हणा की. दर रविवारी साताऱ्यात असतोच."

"बसा. पोत्यापेक्षा बोलके तरी आहात."

झालं. दर रविवारी घाट, धुकं आणि ही दोघं. ती पुढून बोलायची – बाबांच्या खोड्या, कॉलेजातल्या गमती, काय वाटेल ते. वाऱ्यानं तिची ओढणी मागं उडायची, आणि तो खिशातला बेदाणा मागून पुढं करायचा – "घ्या, पिवळा हाय, गोड हाय." बोटाला बोट लागायचं. मग दोघंही उगीचच रस्त्याकडं बघायची.

पण एक खोट निघेना. मधेच मागचा दिवा विझायचा, मोटर हिसका द्यायची आणि सायकल झोकांडी खायची. बाबा मागं असताना असं झालं तर? राजेश्वरीनं चेन उघडली, वायरी बदलल्या, मागचं चाक तर कितीदा खोललं. मैत्रीण संयोगिता मागं बसली की दिवा कसा छान जळायचा! जयराज बसला की पुन्हा तेच.

"पायडल तर मारताय ना?"

"मारतोय की," तो पुटपुटायचा.

इकडं कासला फुलं आली. बाबा खिडकीतून विचारायचे, "कधी गं?" आणि ती पुन्हा पाना उचलायची. फुलं काय थांबतात कुणासाठी?

अशातच एका रविवारी तिचा घसा बसला. ती सगळा घाट गप्प राहिली, आणि मागचा दिवा एकदाही विझला नाही. वरच्या वळणावर तिनं कसंबसं विचारलं, "थंडी वाजतेय का?"

दिवा विझला. हिसका बसला.

ती गप्प झाली. दिवा लागला. ती हलकेच गुणगुणली... विझला. राजेश्वरीनं ब्रेक दाबला आणि मागं वळली.

"मी बोलले की तुम्ही थांबता?"

जयराजचे कान लाल झाले. "आदी माज्या ध्यानातच न्हाई आलं. तुमी बोलाय लागला की पाय इसरतो मी. नंतर समजलं... पण सांगितलं असतं तर खोट निघाली असती. मग मी कशाला आलो असतो हितं?"

काळजात गोड कळ उठली तिच्या. पण दुसऱ्याच क्षणी खिडकी आठवली. "माझे बाबा वाट बघत बसलेत घरात. आणि तुम्ही..."

"चुकलं माजं," तो म्हणाला. "त्यांना न्या आता. मी न्हाई येत."

दुसऱ्याच सकाळी तिनं बाबांना मागं बसवलं. चढ लागला, दिवा मिणमिणत जळत राहिला. मग एका वळणावर बाबांना कडेला पहिली निळी फुलं दिसली. दिवा विझला, हिसका बसला आणि त्यांचा लुळा पाय पायडलवरून घसरला. तिनं कशीबशी सायकल सावरली.

"अगं, जरा बघत होतो," बाबा म्हणाले. "थांबायचं नाही का मी?"

राजेश्वरी खुळ्यासारखी बघत राहिली. थांबायचंच होतं की! त्यासाठीच तर पायडलं सुटी केली होती. खोट थांबणाऱ्यात नव्हतीच. ती मोटरच्या हिसक्यात होती, आणि तो हिसका तिनंच ठेवला होता. बाबांना घरी पोचवून ती कामाला लागली. मागच्याचा जोर सुटला की मोटरनं तो हळूहळू उचलावा, चढाला आजोबांना हात द्यावा तसा. आता ट्रायलला हवा होता मधेच थांबणारा माणूस. तिनं तासगावला फोन लावला.

"येता का? थांबायला."

"निघालोच," जयराज म्हणाला.

ती घाटभर बोलत राहिली. दिवा विझत राहिला. हिसका काही बसला नाही.

आणि मग बाबा गेले कासला, सायकलवर, थांबत थांबत. फुलांपाशी उतरून डोळे पुसत राहिले. मागून संयोगिता जयराजची जीप घेऊन आली होती, शेजारी जयराज. बाबांनी त्याच्याकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं.

"मी जीपमधून जातो," म्हणाले. "आता पार्सल झालो तरी चालेल."

पठारावरचा सपाट रस्ता. दोन्हीकडं निळं-जांभळं, वर भुरभुर पाऊस. आज राजेश्वरी गप्प होती.

"बोला की," मागून आवाज आला.

"आज तुम्ही बोला."

"मला सरळच सांगता येतं बघा." त्याचे पाय थांबले. "लय आवडता तुमी मला. जल्मभर बसंन मागं... बसू?"

हँडलवरचा मागचा दिवा विझलेलाच होता. आता पुढचाही विझला.

मोटर बिचारी बंद पडली. सायकल हळूहळू मंदावली आणि फुलांच्या कडेला थांबली.

"काय झालं?" जयराजनं विचारलं.

"काही नाही," राजेश्वरी म्हणाली. "पाय विसरले."