चौदा किलोमीटर पुढची नोंद

पटलं तर विश्वास ठेवा, नाही पटलं तर मला खुशाल वेडा म्हणा. पण यातलं काहीही मी पदरचं घातलेलं नाही.

दिवस रविवार. वेळ दुपारची, चारला दहा कमी. असल्या गोष्टी रात्रीच होतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं.

गाड्यांच्या वायरिंगचं काम मी एकोणीस वर्षं करतोय. त्या दिवशी गॅरेज बंद होतं. शटर अर्धं ओढून मी माझ्या थोरल्या बहिणीची गाडी तपासत होतो. तक्रार एकच. चालत्या गाडीत मीटर क्षणभर विझतं… आणि काही झालंच नाही असं पुन्हा लागतं.

"उद्यापासून मला रोज गाडी लागणार आहे," ताई म्हणाली. "आज काय तो निकाल लाव."

"निकाल लावायचा तर भंगारवाल्याला बोलावतो."

"गप रे. काम कर."

हल्लीच्या गाडीत दहाबारा छोटे कॉम्प्युटर असतात. दाराचा, एअरबॅगचा, इंजिनाचा. दोन वायरींवरून ते सतत एकमेकांशी बोलत असतात. एखादा गप्प झाला की बाकीचे लगेच चुगली करतात. कोण गप्प झाला, किती किलोमीटरवर, वेग किती होता, काच वर की खाली, सीटवर कोणी होतं का. सगळी नोंद राहते.

मी वायरी एकेक करून तपासल्या. ठणठणीत.

मग स्कॅनर लावला.

एकच नोंद होती. आधी ड्रायव्हरशेजारचं दार गप्प. मग एअरबॅग. मग इंजिन. मग… सगळेच.

किलोमीटर ४८,२५८.

मी मीटरकडे पाहिलं. ४८,२४४.

"तुझी गाडी चौदा किलोमीटर पुढचं सांगतेय गं," मी हसत म्हणालो आणि नोंद पुसून टाकली. माझे उस्ताद नेहमी सांगायचे, आधी लिहून घे, मग पूस. नेमकं तेच मी केलं नाही.

दाराजवळची एक पिन सैल वाटली, ती घट्ट केली आणि ट्रायलला निघालो. आमची रीत अशी की ट्रायलला गाडी मालकाने चालवायची आणि मिस्त्रीने शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन बसायचं. ताईने पट्टा लावला. मीही लावला.

गावाबाहेर रस्ता मोकळा होता. सातव्या किलोमीटरला स्कॅनर वाजला.

नोंद परत आली होती.

तोच आकडा. तोच क्रम.

या वेळी मी डायरीत सगळं उतरवून घेतलं. वेग ५४. एसी बंद. शेजारची काच खाली. शेजारच्या सीटवर मोठं माणूस, पट्टा लावलेला.

आमचा एसी चालू होता. काच वर होती. मला हायसं वाटलं. मेमरी बिघडली असेल, दुसरं काय?

४८,२५५ला एसी बंद पडला.

"उकडतंय रे. काच घे खाली," ताई म्हणाली.

मी सवयीने बटण दाबलं. काच खाली गेली… आणि मला डायरी आठवली.

आता फक्त वेग राहिला होता. सत्तेचाळीस. पन्नास. एक्कावन्न.

"ताई, गाडी बाजूला घे."

"अरे, तो चौक तर ओलांडू दे…"

"घे म्हणतो ना!"

आयुष्यात मी तिच्यावर कधी ओरडलो नव्हतो. तिने ब्रेक दाबला. मीटर ४८,२५७ दाखवत होतं.

डायरी दाखवली. तिने ती धड बघितलीही नाही. "लहानपणापासून भित्रा तो भित्राच," म्हणाली आणि रिक्षा करून घरी गेली. जाऊ दे. जिवंत गेली.

मी टोइंगचा ट्रक बोलावला. ड्रायव्हर पन्नाशीचा, बोलका माणूस. गाडी मागे चढवली आणि म्हणाला, "बसा साहेब, पुढेच बसा."

बसलो.

"एसी नाही हं आपल्याकडे. काच घ्या खाली."

घेतली.

ट्रक निघाला तेवढ्यात त्याचं मीटर विझलं… आणि पुन्हा लागलं.

"हे कधीपासून होतंय?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"आत्ताच बघा. पहिल्यांदाच."

काटा पन्नासच्या पुढे सरकत होता.

मळमळतंय असं सांगून मी ट्रक थांबवला आणि उतरलो. "तुम्ही व्हा पुढे, मी येतो मागून." खरं कारण सांगितलं नाही. काय सांगणार होतो? त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं आणि गेला.

मी चालतच होतो, तेव्हा त्याचा फोन आला.

"साहेब, गाडी उतरवली तुमच्या दारात. एक गंमत सांगू? तुम्ही उतरलात तरी शेजारचा पट्टा लावा म्हणून टों टों वाजतच होतं. सीट तर रिकामी."

"मग?"

"मग थांबलं. कोणी लावल्यासारखं…" तो हसला. "बरं, निघतो. घरी पोचायचंय. लांब नाही, चौदाएक किलोमीटर."

"थांबा," एवढंच म्हणायचं होतं. तो हसेल म्हणून मी म्हणालो नाही.

या गोष्टीला सात महिने झाले. ताईची गाडी बॅटरी काढून गॅरेजच्या कोपऱ्यात उभी आहे. ताई माझ्याशी कामापुरतंच बोलते. त्याचं मला एवढं काही वाटत नाही.

त्या ट्रकवाल्याचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे. टोइंग लागलं की मी दुसऱ्याला बोलावतो. त्याला एकदा फोन लावून बघायची माझी हिंमत होत नाही.