कापसाचे डोळे

पौषातली सकाळ होती, पण आभाळ असं भरून आलेलं की दिवस उगवला की मावळला ते कळू नये. आईला भरतकामाच्या लडी हव्या होत्या म्हणून मी मांडवीजवळच्या दोऱ्यांच्या दुकानात उभी होते. शेजारी एक उंच, किडकिडीत माणूस दोन हातांत दोन रिळं धरून कधी हे बघत होता, कधी ते. शेवटी माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाला,

"माफ करा... यातलं लाल कोणतं?"

मी बघतच राहिले. एक रीळ डाळिंबासारखं लाल, दुसरं शेवाळासारखं हिरवं. शेंबडं पोरही सांगेल. बोलायला निमित्तच हवं होतं तर मेल्याने जरा बरं तरी शोधावं, असं मनात आलं. मी म्हटलं, डाव्या हातातलं. तो ओशाळून म्हणाला की दुकानात अंधार फार आहे. त्यावर दुकानदार फणकारला, "अंधारुं क्यां छे, भाई?" आणि मला हसू आवरेना.

खरं सांगू? घरी येईपर्यंत मी त्या हसण्यातच होते. एकोणीस वर्षांच्या मुलीला कोणी निमित्त काढून बोललं, तर ती रागावल्याचं नाटक करते आणि रस्ताभर तेच आठवत राहते. मीही तेच केलं.

आठ दिवसांनी तोच माणूस पुन्हा समोर. ही गोष्ट बडोद्याच्या महाराजांच्या हीरक महोत्सवाच्या चार-पाच वर्षं आधीची. माझे वडील, बळवंतराव, तालुक्याचे वहिवाटदार म्हणून निवृत्त झालेले. बडोद्यात मुलीने शिकण्याचं कोणाला नवल नव्हतं, पण मुलगी काम करून चार पैसे मिळवते म्हटलं की कपाळाला आठ्या पडत. तरी सरदार दत्ताजीरावांनी शब्द टाकला म्हणून वडिलांनी मला चित्रं काढायला पाठवलं. सरदारांना बडोदे राज्यातल्या पाखरांचं सचित्र पुस्तक छापायचं होतं. कारेलीबागेच्या बाजूला, शेतांमध्ये त्यांचा बंगला होता आणि बंगल्यात पाखरांची एक खोली. तिथे पाखरं सोलून, भरून ठेवायचं काम करत होता तो रिळंवाला. नाव हेरंब.

त्या खोलीला कापराचा आणि कातड्याला कीड लागू नये म्हणून लावायच्या सोमलाच्या विषारी साबणाचा वास यायचा. खण ओढला की पाखरं ओळीने उताणी निजलेली. पायांना चिठ्ठी बांधलेली, नराला लाल दोऱ्याने, मादीला हिरव्या. आणि डोळ्यांच्या जागी कापूस. पाखरू मेलं की डोळा टिकत नाही, काढून कापूस भरावा लागतो. चोचीचा, पायांचा रंगही दोन दिवसांत उडतो. म्हणून पाखरू गरम आहे तोवर रंग चिठ्ठीवर लिहायचे, आणि मी चित्र काढायचं ते चिठ्ठी वाचून. सरदारांकडे कपाटभर इंग्रजी पुस्तकं होती, पण त्यांचा नियम कडक होता. पुस्तकात बघून लिहायचं नाही, पाखरात बघून लिहायचं. आमच्या पुस्तकातला प्रत्येक रंग आमच्या पाखराचा असेल, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

नवं पाखरू आलं की हेरंबराव ते माझ्या टेबलाशी घेऊन यायचे.

"निरुपमाबाई, ही चोच कशी वाटते तुम्हाला?"

पोवळ्यासारखी, मी म्हणायची. आणि पाय? गवती हिरवे. ते खाली मान घालून लिहून घ्यायचे. एकदा मी विचारलं, "तुम्हाला स्वतःला दिसत नाही का?"

"दिसतं... पण तुमच्या तोंडून ऐकलं की बरं दिसतं."

झालं. माझा ब्रश पाण्याच्या भांड्याऐवजी चहाच्या कपात गेला.

मग मी पण चेष्टा करायला लागले. नवं पातळ नेसून गेले की विचारायची, ओळखा रंग कोणता? ते खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "तुम्हाला शोभणारा." कधी सरळ उत्तर दिलं नाही. मला वाटायचं, किती गोड बोलतो हा. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

फाल्गुनात एक दिवस पायऱ्यांवर उभं राहून त्यांनी सांगितलं की ज्येष्ठात पुस्तक छापायला गेलं की सरदार त्यांना कायम करणार, बंगल्यामागच्या दोन खोल्या देणार. मग ते माझ्या वडिलांना भेटायला येणार होते. मी विचारलं, कशाला? म्हणाले, पाखरं दाखवायला. त्यांचे कान लाल झाले होते आणि माझेही झाले असावेत. त्या दिवसापासून मी ज्येष्ठाची वाट बघत होते.

चैत्र संपता संपता आमच्या दांडिया बाजारच्या घरामागच्या उंबरावर कोकीळ आला. ऐकू रोज यायचा, दिसला त्या दिवशी पहिल्यांदा. काळाकुळकुळीत, एक उंबर चोचीत धरलेला, खिडकीपासून हातभर अंतरावर. त्याने मान वळवली. त्याचा डोळा गुंजेसारखा लाल होता.

कोकिळाचं चित्र मी माघातच रंगवलं होतं. चिठ्ठीवर अक्षर हेरंबरावांचं आणि रंग 'तपकिरी'. मी तपकिरी डोळा काढला होता, तोही इतका मन लावून.

दुसऱ्या दिवशी मी काही बोलले नाही. बशीत दोन रंग काढले, एक लाल, एक हिरवा, आणि बशी त्यांच्यापुढे सरकवली. यातला लाल कोणता, असं विचारलं. त्यांनी बशी उचलून खिडकीशी नेली आणि तशीच परत आणून ठेवली.

"कळलं तुम्हाला," ते म्हणाले.

मग सगळं सांगितलं. लहानपणापासून त्यांना लाल, हिरवा, तपकिरी हे रंग एकच दिसायचे. सोलण्याभरण्यात हात बसलेला, पाखराचा नखाएवढा भाग उसवायचा नाही. पण रंगाचं कळलं तर सरदार उभं करणार नाहीत म्हणून गप्प राहिले. बंगल्यात पाखरू आलं की कोणाला तरी विचारून घ्यायचे. गावोगावच्या मुक्कामावर मात्र एकटे असत, तिथे दिसेल ते लिहून टाकलं.

माझ्या डोक्यात पाखरं नव्हती. माझ्या डोक्यात ती चोच कशी वाटते, हे पाय कसे वाटतात, तुमच्या तोंडून ऐकलं की बरं दिसतं... सगळं एकदम उलटं फिरलं.

"म्हणजे मला रंगासाठी विचारत होतात."

ते म्हणाले, "अशा चाळीस चिठ्ठ्या आहेत."

मी विचारतेय काय आणि हा सांगतोय काय! मी ब्रश धुतले आणि घरी आले. तीन दिवस गेले नाही. आईला सांगितलं डोकं दुखतंय. डोकं कसलं, रडून रडून डोळे सुजले होते.

चौथ्या दिवशी गेले, कारण रागापेक्षा भीती मोठी झाली. ज्येष्ठ महिन्यावर आला होता. त्या चाळीसांतली बहुतेक हिवाळी बदकं आणि चिखलात चरणारे लांब पायांचे पक्षी. ते केव्हाच उत्तरेला निघून गेलेले, आता बघून तपासायचे म्हटले तरी सोय नाही. मी त्यांना हलक्या आवाजात म्हटलं, कपाटाची किल्ली मला मागता येईल. इंग्रजी पुस्तकांतून चाळीस डोळे उतरवून काढते, चिठ्ठ्या तुम्ही पुन्हा लिहा. सरदारांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि तसंही त्यांना पाखरू ठाऊक ते बंदुकीच्या पलीकडच्या टोकाला. कोणाला कळणार नाही. तुमची नोकरी राहील, खोल्या मिळतील.

त्यांनी समोरचा खण उघडला. एक लहान बदक होतं, पांढरे कापसाचे डोळे घेऊन उताणं पडलेलं.

"याला मी मारलं. याचे डोळे मी काढले," ते म्हणाले. "निदान त्यांचा रंग तरी दुसऱ्याचा नको."

"आणि मी?" मी विचारलं. "माझं काय?"

ते सरळ उठून सरदारांच्या बैठकीत गेले. मीही मागोमाग गेले.

सरदारांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. इतकंच म्हणाले की पुस्तक थांबलं, आणि उद्यापासून येऊ नका. मग मुनिमाला हाक मारून सांगायला लागले की थंडी पडली की दोन शिकारी धाडून ती चाळीस पाखरं नव्याने मारून आणायची.

हेरंबराव निघालेले दारातून परत फिरले. गेलेल्या नोकरीसाठी हा माणूस एक शब्द बोलला नव्हता. आता हात जोडले.

"साहेब, पुन्हा चाळीस नकोत. पाणपाखरं गोत्रीच्या तळ्यावर येतात, बाकीची इथेच असतात. दुर्बिणीतून डोळ्याचा रंग दिसतो. मला नाही... यांना दिसतो. एक हिवाळा थांबा."

सरदारांनी माझ्याकडे पाहिलं. बाईमाणूस थंडीचं तळ्याकाठी बसणार का, असं विचारलं. मी म्हटलं, बसेन. मिशीवरून हात फिरवत ते म्हणाले, ठीक आहे, एक हिवाळा.

चाळीस जीव वाचले आणि माझं लग्न मोडलं, दोन्ही एकाच बैठकीत.

घरी मीच वडिलांना सगळं सांगितलं, लाज बाजूला ठेवून. बळवंतराव सरळ माणूस. म्हणाले, साहेबाने पकडलेलं नसताना स्वतःहून चूक कबूल करणारा माणूस मी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही. माझ्या मनात आशा उभी राहिली तोच पुढे म्हणाले की नोकरी नसलेल्याला मुलगी देणार नाही, आणि डोळ्यांचा असला दोष नातवंडांत उतरलेला बघणार नाही. त्यांचं नाही म्हणजे नाही. आईने पदर डोळ्याला लावला आणि ताट वाढायला घेतलं.

हेरंबरावांना अमरेलीकडे एका शाळेत मास्तरकी मिळाली. जायच्या दिवशी दुपारी ते आपली हत्यारं न्यायला बंगल्यावर आले, सुऱ्या, चिमटे, सुया. मी मुद्दाम थांबले होते. वडील काय म्हणाले ते त्यांना कळलेलं होतं. मी पुन्हा तेच विचारलं, कारण त्याच्या उत्तरावाचून मला झोप नव्हती.

"खरं सांगा. मला रंगासाठी विचारत होतात ना?"

सुया गुंडाळता गुंडाळता ते थांबले.

"पहिल्या दिवशी, हो." मग म्हणाले, "इथला माळी, धनाजी... तुम्ही यायच्या आधी वर्षभर तोच मला रंग सांगायचा. चांगले सांगायचा. तुम्ही आल्यावरही तो बाहेर व्हरांड्यातच बसलेला असे, निरुपमाबाई."

माळी हाकेच्या अंतरावर होता आणि हा माणूस रोज पाखरू घेऊन अख्खी खोली ओलांडून माझ्या टेबलाशी येत होता.

मी म्हटलं, मी थांबेन. ते घाईने नको म्हणाले, माझं वय काय, वडिलांचं मन काय, मास्तरचा पगार काय... सगळं मोजून दाखवायला लागले. मला रागही आला आणि रडूही.

"चाळीस पाखरांसाठी सरदारांना थांबायला लावलंत," मी म्हटलं, "आणि एका माणसासाठी मला नको म्हणता?"

ते पिशवी उचलून निघून गेले.

पहिलं वर्ष पत्रं आली, दर पंधरवड्याला. मग बंद झाली. अमरेलीकडच्या एका ओळखीच्यांकडून कळलं की माझं चांगलं स्थळ माझ्या हट्टापायी जाऊ नये म्हणून त्यांनी लिहिणं सोडलं. माझं भलं बघायला याला कोणी सांगितलं होतं? मी तीन पत्रं धाडली, तिन्ही परत आली. पत्त्यावर आता कोणी राहत नव्हतं.

एक हिवाळा पुरला नाही; सरदार आणखी एक थांबले आणि चाळीस डोळे पुरे झाले. सरदारांचं पुस्तक निघालं, चित्रांची वाहवा झाली. काम संपलं तरी मार्गशीर्ष लागला की मी टांगा करून गोत्रीला जात राहिले. वडिलांनी आणलेली चार स्थळं मी परत पाठवली. आई विचारायची, आता कशाला जातेस? मी सांगायची, पाखरं बघायला.

पाखरं दर वर्षी आली.