सैल कासरा

देवाशप्पथ सांगतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. आजवर मी ती जितक्यांना सांगितली, तितक्यांना थोडी थोडी वेगळी सांगितली, एवढाच काय तो तिच्यातला दोष. म्हणजे नव्वद टक्के धरा. आमच्या आंजीत कुणाला एखादी बातमी पटली नाही की तो आधी विचारतो, "हे योगेंद्रनं सांगतलं का?" तर तो योगेंद्र मीच. तरी जरा दिवा इकडं सरकवा आणि ऐका. गोष्ट रात्रीची नाही, मे महिन्यातल्या भर दुपारची आहे. ज्यानं वर्ध्याकडचा उन्हाळा काढलाय त्याला ठाऊक असतं, की इकडच्या भुतांना रात्रीसाठी थांबावं लागत नाही. दुपारी एक वाजता रस्त्यावर तसंही जिवंत माणूस कोणी नसतं.

साल २००४. माझी एक जुनी जीप होती, तिच्यात कोंबून मी आंजी ते वर्धा सवाऱ्या न्यायचो. नागपूरचा एक टूरवाला ओळखीचा झाला. तो म्हणाला, सेवाग्रामला बाहेरदेशचे पाहुणे येतात, त्यांच्यासाठी तुमची गाडी महिन्याच्या ठरावावर लावून घेतो. पण हा खटारा नको. उंच, एसीवाली, साहेबी गाडी पाहिजे, आणि एक जूनला दारात उभी पाहिजे.

नवी गाडी स्वप्नातही परवडणारी नव्हती. मी विहिरीजवळची दोन एकर विकली. त्या पैशात एकच गाडी येणार होती, तीही कुणाची तरी वापरलेली, आणि चुकली तर पुन्हा विकायला माझ्याकडं काही उरलं नव्हतं. माझी बायको नलू फार बोलणारी नाही. निघताना एवढंच म्हणाली, "गाडी बरी निघाली तर पोरं शिकतीन. नाई निघाली तर तिच्यातच बसवून मले माहेरी सोडून देजा. अन् मले न्यायले परत येऊ नका."

जामच्या चौकात, हैदराबादकडं जाणाऱ्या हमरस्त्याला लागून, मोतीलालचा जुन्या गाड्यांचा धंदा होता. धाब्यामागं टिनाची लांब शेड. तिथं माझ्या पैशात बसतील अशा दोनच गाड्या आहेत, असं त्यानं फोनवर सांगितलं होतं. मी बाबांना सोबत घेतलं.

आमचे बाबा नत्थूजी. त्यांना गाडी चालवता येत नव्हती आणि इंजिन कुठल्या बाजूला असतं हेही खात्रीनं सांगता आलं नसतं. पण उभ्या जिल्ह्यात बैलाची पारख त्यांच्याइतकी कुणाला नव्हती. आर्वीकडचे लोक गवळाऊ जातीचा गोऱ्हा घ्यायचा तर आधी त्यांना जेवायला बोलावत. मी म्हटलं होतं, बाबा, ही जनावरं नाहीत. ते म्हणाले, "विकणारा तर माणूसच आहे ना बे?"

शेडमध्ये शिरलो तेव्हा टिनाची धग डोक्यावर हात ठेवल्यासारखी बसली. खसच्या पडद्याचा वास, त्यात तापलेल्या रबराचा. दोन गाड्या शेजारी उभ्या. नावं सांगत नाही, उगाच कंपन्यांना वाईट वाटायचं. एक पांढरी, चारच वर्षांची, आरशासारखी. हिचं सामान वर्ध्यात कुठंही मिळेल, कोणताही मिस्त्री उघडेल, डिझेल कमी पिते. दुसरी काळी. परदेशी बनावटीची, चांगली वयस्क. आत खऱ्या चामड्याच्या सीटा, लाकडाची पट्टी, कॅसेट लावायचा टेप. पण एक बोल्ट हवा असला तरी मुंबईला चिठ्ठी टाकावी लागणार.

"पांढरी लेके जाओ भाऊ," मोतीलाल म्हणाला. "काळीले हत्ती बांधल्यासारखा खर्च आहे. मी खोटं काऊन सांगू, मले तर दोन्ही विकाच्याच आहे."

माझंही मन पांढरीवर बसलं होतं. बाबांनी दोघींभोवती एक एक फेरी मारली. पांढरीच्या बॉनेटवर थाप दिली आणि तळहात हुंगला. काळीच्या चाकाशी उकिडवे बसले, खूर पाहतात तसं टायर चाचपलं. मोतीलाल तोंडावर रुमाल धरून हसत होता.

"चक्कर मारून पाहू," बाबा म्हणाले.

आधी पांढरी काढली. समुद्रपूरच्या रस्त्याला थोडं गेल्यावर एक फाटा आहे. डावीकडं डांबरी रस्ता, उजवीकडं काळ्या रानातून जाणारी गाडवाट. फाट्याच्या अलीकडं बाबा म्हणाले, "आता कासरा सैल सोड."

"काय?"

"ते गोल सोड. हात काढ. पाय बी काढ."

मला त्यांची खोड ठाऊक होती. बैल घ्यायच्या आधी ते त्याला असाच तिठ्यावर नेत आणि कासरा ढिला सोडून मागं चालत. जो बैल जुन्या मालकाच्या घराच्या वाटेला वळला, तो घ्यायचा नाही. असा बैल खुंट्याला टिकत नाही, दावं तोडून परत जातो. मी म्हटलं, बाबा, मोटर आहे ही. त्यांनी नुसतं माझ्याकडं पाहिलं. चाळिशीतला माणूसही बापाच्या तशा पाहण्याला उत्तर देत नाही. मी स्टीअरिंग सोडलं. पांढरी थोडी पुढं गेली, डावीकडं कलली आणि पळसाच्या झुडपाला टेकून गप्प उभी राहिली.

"हिले घरच नाई," बाबा पुटपुटले.

परत येऊन काळी घेतली. दार जड होतं, लागताना नुसतं 'भप्प' झालं आणि बाहेरचा सगळा आवाज बंद पडला. ट्रक, धाब्याचा रेडिओ, सगळं. आत मोगऱ्याच्या गजऱ्याचा वास होता, आणि त्याच्या खाली, अगदी खाली, दवाखान्यातल्या फिनाईलचा. घड्याळात एक वाजायला आला होता. फाटा आला. मी हसत हसतच हात काढले.

आधी इंडिकेटर लागला. उजवा.

टिक... टिक... टिक...

मग स्टीअरिंग सावकाश फिरलं. झटका नाही, थरथर नाही. रोजच्या रस्त्यावर म्हातारा ड्रायव्हर फिरवतो तसं. गाडी गाडवाटेला लागली. मी ब्रेकवर पाय ठेवला तर तो दगडासारखा लागला. दोन्हीकडं नांगरलेली काळी ढेकळं, त्यांच्यावर नाचणारी वाफ, आणि एक पाखरू नाही.

"बाबा..."

"बोलू नको. वाटेवर आहे ती."

कडुनिंबाखाली एक चिरेबंदी घर आलं. फाटक उघडं. गाडी फाटकाशी अशी थांबली, की मागचं दार बरोबर पायरीसमोर आलं. पायरीवर एक बाई उभी होती. साठीची असेल. इस्त्रीची हिरवी साडी, हातात डॉक्टरच्या कागदांची पिशवी, डाव्या दंडाला पांढरी पट्टी. ती आमच्याकडं पाहून न पाहिल्यासारखं करून दार उघडून मागं बसली. सीटचं चामडं करकरलं. मोगऱ्याचा वास मानेपाशी आला.

"उशीर झाला जी आज," ती हळूच म्हणाली. "डॉक्टर उठून जातीन..."

ती कुणाशी बोलत होती कोण जाणे. माझ्याशी नव्हती. गाडी वळली, फाट्याला आली, आणि वर्ध्याच्या दिशेनं निघाली. मी आरशात पाहत नव्हतो. पाहावं वाटत होतं, मान वळत नव्हती. टेपमध्ये कॅसेट नसताना कसलीशी बारीक खरखर सुरू होती, जुन्या भावगीताच्या आधी यायची तशी. गाणं काही आलं नाही. मैलाचे दोन दगड गेले. तिसऱ्याशी मागून एक सुस्कारा ऐकू आला, आणि स्टीअरिंग माझ्या हातात साध्या लोखंडासारखं सैल पडलं. ब्रेक लागला. मागं पाहिलं तर सीट रिकामी. चामड्यावर बसल्याचा खळगा मात्र होता. तो आमच्या डोळ्यांदेखत हळूहळू भरून आला.

मी दार उघडून रस्त्याच्या कडेला उतरलो.

"झालं ना," मी म्हटलं. "वळली घराकडं. तुमच्याच हिशेबानं ही घ्यायची नाही."

बाबांनी मागच्या सीटवर हात ठेवून पाहिला. मग म्हणाले, "पाखऱ्या आठवते तुले?"

आठवत होता. १९९३ साली आम्ही विकलेला बैल. हिंगणघाटच्या बाजारातून तो दोनदा परत आला होता, नदीनाले तुडवत, तोंडाला फेस घेऊन. पहाटे गोठ्यापाशी उभा असायचा. मी तेव्हा त्याला पाहून हसलो होतो. बाबांनी तिसऱ्यांदा त्याला लांब, पार यवतमाळकडं विकला.

"सारी जिंदगी मी उलटं शिकवत आलो लोकायले," बाबा म्हणाले. "जे जनावर परत जाते ना, त्याले कोणीतरी जीव लावलेला असते. जीव लावलेल्या जनावरात खोट नसते बे. ज्याले परत जायले घर नाई, त्याले साऱ्यायनं हाकलून देल्लं असते. काऊन देल्लं, ते इचार त्याले." आणि डॅशबोर्डवरून, जनावराची पाठ खाजवतात तसा, हात फिरवत म्हणाले, "हीच घे. दुपारचा एक तास हिले हिच्या कामाले सोडत जाय, बाकी दिवस तुयासाठी राबन ही."

शेडमध्ये परत आल्यावर मी मोतीलालला विचारलं, ही कुणाची होती. त्यानं सांगितलं, फाट्याच्या आतल्या प्रभाकररावांची. त्यांच्या मंदाबाईंच्या किडन्या गेल्या होत्या, दिवसाआड एक वाजता दवाखान्यात न्यावं लागायचं. रस्त्याचे दचके बसू नयेत म्हणून ही आणली. आधी बाई गेल्या, महिन्यानं ते. घराला दीड वर्ष कुलूप आहे.

मी पुन्हा पांढरीकडं पाहिलं. चकाकत होती. नलूचं वाक्य आठवलं, विहिरीजवळची विकलेली दोन एकर आठवली. आणि मी काळी घेतली.

त्या पावसाळ्यात पांढरी समुद्रपूरच्या बाबारावांनी नेली. श्रावणातच तिचं इंजिन बसलं. उघडलं तर आत गाळ, दोन बोटं. कुठल्या तरी पुरात ती पार बुडाली होती, आणि पाच मालकांनी एकामागून एक तिला पुसून, रंगवून पुढं ढकललं होतं. बाबारावांनी शेवटी भंगारात दिली. मी घेतली असती तर माझं घर गेलं असतं.

काळीनं पाच वर्षं सोनं दिलं. पोरं शिकली. मुंबईला चिठ्ठी टाकायची वेळ दोनदाच आली. दुपारी एक ते दोन मी भाडं घेत नसे. सावलीला गाडी लावायचो, मागचं दार उघडं ठेवायचो आणि लांब जाऊन चहा प्यायचो. गोरे पाहुणे विचारत, तर सांगायचो, इंजिन गार होऊन राह्यलं. दार आपोआप लागल्याचा 'भप्प' आवाज आला की परत यायचो. त्या आवाजाची नंतर नंतर सवय झाली. खरं सांगू, दिवसातला तेवढा एक तास मला आवडायचा. पाच वर्षांनी ती थकली, तेव्हा लांब विकून टाकली.

आता ह्यातलं खोटं कोणतं, ते सांगून टाकतो. तुम्ही म्हणाल बाई खोटी, नाही तर इंडिकेटर. नाही. ते होतं तसं आहे. खोटे आहेत बाबा. बाबा गाडीत नव्हते. बाबा त्याच्या आदल्या वर्षीच, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गेले. जामला मी एकटाच गेलतो. कासरा सोडायची त्यांची खोड मला ठाऊक होती, पाखऱ्याबद्दलचं ते बोलणं त्यांनी खाटेवर पडल्या पडल्या केलं होतं. पण बायको-पोरांचा बाप असलेला माणूस भर रस्त्यात आपल्या मनानं स्टीअरिंग सोडतो, हे सांगायला मला लाज वाटायची. म्हणून दरवेळी सांगताना मी बाबांना शेजारी बसवतो. शिवाय त्यांच्याशी बोलायला बरं वाटतं.

हे मी इतकी वर्षं बिनघोर सांगत आलो. गेल्या मार्गशीर्षात हिंगणघाटला एका लग्नात मोतीलाल भेटला. पंगतीत शेजारीच बसला. वांग्याची भाजी वाढून झाली आणि त्यानं विचारलं,

"बाबूजी नाई आले जी?"

"कोणाचे?"

"तुमचे. नत्थूजी."

मी त्याला बाबांचं नाव कधी सांगितलं नव्हतं.

"तुम्ही गाडी नेली त्या दिवशी ते मागंच राह्यले होते ना," तो म्हणाला. "तेव्हापासून येतात. दर बुधवारी, दुपारचे. गाड्यायमधून हिंडतात. पाणी देतो, घेत नाई. बोलत बी नाई कधी. मागच्या बुधवारी मात्र बोलले."

"काय... बोलले?"

"कोपऱ्यातली काळी गाडी धरून ठेव म्हणे, कोणाले दाखवू नको. पोरगा येईन बसाले." मोतीलालनं पोळीचा तुकडा मोडला. "मी म्हटलं, बाबूजी, कोपरा तर खाली आहे. गाडी कुठी आहे तिथं? तर हासले. म्हणे, 'येऊन राह्यली.'"